इर्जिक आणि 'टीमवर्क'

हट्ट्याच्या परिसरात, म्हणजे वसमत-परभणी रस्त्याच्या दोन्ही अंगांच्या गावांत, जुन्या पिढीला 'इर्जिक' हा शब्द समजावून सांगावा लागत नाही. एखाद्याचे बैल बसले, घरात आजारपण आले, पेरणीची वेळ टळू लागली, म्हणजे गावातील पाचपंचवीस माणसे आपापली औते घेऊन एके दिवशी त्याच्या रानात उतरत, भलरी म्हणत काम उरकीत आणि दुपारी त्याच्याच बांधावर जेवीत. मजुरी नसे, मुकादम नसे. ज्याचे शेत, तोही औतामागे चालत असे. जेवणाच्या पंगतीत जात आड येई, हे मी विसरलेलो नाही. इर्जिकीचे गोडवे गाणाऱ्यांनीही ते विसरू नये. परंतु कामाच्या मांडणीपुरते बोलायचे तर त्यात एक गोष्ट निर्विवाद होती. आज माझ्या शेतात येणारा उद्या मला आपल्या शेतात बोलावणार, हे दोघांनाही ठाऊक असे. सहकार्याला उलटा रस्ता होता.

हे आठवण्याचे कारण असे की, हळद काढणीच्या दिवसांत घरी आलेल्या आमच्या भागातील एका तरुणाने मला एक हकीकत सांगितली. आय. टी. आय. झालेला हा मुलगा छत्रपती संभाजीनगरजवळच्या औद्योगिक वसाहतीतील एका औषध कारखान्यात ठेकेदाराकडून कामाला आहे. कारखाना इंजेक्शनांच्या कुप्या भरतो. वर्षातून एकदा तेथील निर्जंतुक विभाग आठदहा दिवस बंद ठेवून त्याची संपूर्ण फेरपडताळणी केली जाते. कारखान्यातील भाषेत तिला 'रीव्हॅलिडेशन' म्हणतात. त्या दिवसांत भिंतीवर फलक लागतात, 'आपण सारे एक टीम'. साहेबलोक नावाने हाक मारतात, रात्रपाळीला चहा येतो. यंदा सारे काही व्यवस्थित पार पडले, पेढे वाटले गेले, छायाचित्र निघाले. त्या छायाचित्रात हा मुलगा नव्हता. मी विचारले, का रे? तो म्हणाला, "गुरुजी, टीम व्हती खरी. पर फोटोच्या दिशी आमचा पास आधीच जमा करून घेतला व्हता."

त्याच्या बोलण्यात कडवटपणा नव्हता, हेच मला अधिक लागले.

या एका मुलाच्या फोटोचा प्रश्न असता तर त्यावर साप्ताहिकाची जागा अडवली नसती. प्रश्न मोठा आहे आणि तो औषध घेणाऱ्या प्रत्येकाच्या शिरेपर्यंत येऊन पोचतो. आमच्या रानात नाग, मण्यार, घोणस, फुरसे यांपैकी कोणी डसले की माणसाला जीपमध्ये घालून परभणीला किंवा नांदेडला पळवावे लागते. तेथे त्याच्या शिरेत जी सर्पदंशाची लस जाते, ती एका अशाच खोलीत कुपीत भरलेली असते. पोटातून घ्यावयाच्या गोळीला शरीराची आपली अशी काही तटबंदी असते. शिरेत जाणाऱ्या औषधाला ती नाही. तेथे जंतू गेला म्हणजे तो थेट रक्तात गेला. म्हणून ती खोली, तिच्यातील हवा आणि तिच्यातील माणसे हा हट्ट्याच्या शेतमजुराच्या जीवनमरणाचा विषय आहे, जरी त्याने ती खोली जन्मात पाहिलेली नसली तरी.

ही खोली असते तरी कशी? तिच्या छतात 'हेपा' गाळण्या बसवलेल्या असतात. काचेच्या अतिसूक्ष्म तंतूंचा कागदासारखा थर घड्या घालून चौकटीत बसवलेला, आणि ०.३ मायक्रॉनचे दहा हजारांतील ९,९९७ कण अडवणारा. माणसाचा केस साधारण सत्तर मायक्रॉन जाड असतो, यावरून कल्पना यावी. ज्या जागी कुपी उघडी असते, तेथे हवेच्या एका घनमीटरमध्ये अर्धा मायक्रॉन किंवा त्याहून मोठे कण ३,५२० पेक्षा अधिक असता कामा नयेत, असा दंडक आहे. हवा वरून खाली, सेकंदाला सुमारे ०.४५ मीटर या संथ व एकसारख्या गतीने वाहत राहते आणि कण तळाकडे ढकलत नेते. विलिस व्हिटफील्ड या अमेरिकन शास्त्रज्ञाने १९६०च्या सुमारास ही युक्ती शोधली. ती अण्वस्त्रांचे बारीक भाग जोडण्यासाठी शोधली गेली आणि पुढे ती औषधनिर्मितीच्या कामी आली, हा विसाव्या शतकाचा एक विचित्र न्याय. आतल्या खोलीत हवेचा दाब बाहेरच्या खोलीपेक्षा किंचित अधिक ठेवतात. दार उघडले तर हवा आतून बाहेर जावी, बाहेरची आत येऊ नये, हा हेतू.

वर्षभरात या साऱ्या व्यवस्थेला झीज लागते. गाळणीला बारीकसे छिद्र पडते, चौकटीचे सील सुटते, पंख्याचा पट्टा सैल होतो. म्हणून पडताळणी. गाळणीच्या वरच्या अंगाला तेलाचे धुके सोडून खालून शोधकाने गाळणीचा इंच न् इंच तपासतात. शंभराव्या टक्क्याएवढी गळती सापडली तरी गाळणी नापास. मग हवेची गती, तासाला किती वेळा खोलीतील हवा बदलते याचा हिशेब, दाबांतील फरक, कणांची मोजणी. मग धूर सोडून हवेचा प्रवाह डोळ्यांनी पाहतात आणि त्याचे चित्रण करून ठेवतात. पुढे संपूर्ण विभाग जंतुनाशकांनी धुऊन-पुसून काढायचा, ठिकठिकाणी पोषकद्रव्याच्या बशा उघड्या ठेवून कोणते जंतू रुजतात ते पाहायचे. आणि एक फार मोठी परीक्षा 'मीडिया फिल'ची. तीत औषधाऐवजी जंतूंना आवडणारा सोयाबीनचा रस हजारो कुप्यांत नेहमीच्याच माणसांकडून, नेहमीच्याच पद्धतीने भरायचा आणि चौदा दिवस उबेत ठेवायचा. ज्या कुपीत रस गढूळ झाला, तेथे जंतू शिरला. पाच ते दहा हजार कुप्यांत एक जरी गढूळ निघाली तरी चौकशी. दोन निघाल्या तर सारे पुन्हा पहिल्यापासून. सर्वसाधारण दंडक असा की, उघड्या कुपीपाशी काम करणाऱ्या प्रत्येकाने वर्षातून एकदा तरी या परीक्षेला बसले पाहिजे.

इतके तपशील देण्याचा हेतू वाचकाला तंत्रज्ञानाचा धडा देणे हा नाही. या यादीतील एकही काम एकट्याने होण्यासारखे नाही, हे ध्यानात यावे म्हणून ते दिले. गाळणी तपासणारा यंत्र घेऊन उभा असतो, तेव्हा वरच्या मजल्यावर कोणीतरी धुके सोडत असतो. अभियंत्याने दाब बदलला की प्रयोगशाळेला ते त्याच क्षणी कळले पाहिजे. गुणवत्ता विभागाच्या बाईंनी सही केल्यावाचून पुढचे दार उघडता येत नाही. आणि ही सारी मंडळी काम उरकून बाहेर पडली की शेवटी फडके घेऊन आत जाणारा गडी, तोच खोलीला तिचे निर्जंतुकपण परत देतो. एका टोकापासून, एका दिशेने, पट्ट्यावर पट्टा किंचित चढवीत पुसत यायचे. पुसलेल्या जागेवर फडके पुन्हा फिरवायचे नाही. जंतुनाशक ओले राहिले तरच मारते, म्हणून ठरलेली मिनिटे थांबायचे. घाई केली तर ते डोळ्यांना दिसत नाही. ते दिसते चौदा दिवसांनी, किंवा एखाद्या रोग्याच्या अंगात.

आमच्या समाजात सोवळ्याची परंपरा जुनी आहे. सोवळे नेसलेल्याला कोणी शिवायचे नाही, आणि सर्वांत लांब कोणी राहायचे, तर जो झाडतो, जो घाण उपसतो त्याने. या कारखान्यातील सोवळे त्याच्या अगदी उलट आहे. येथे शुद्धी जन्मावरून ठरत नाही, ती यंत्राने मोजतात. आणि तिचा पुरोहित झाडणारा-पुसणाराच असतो. ज्या हाताला पिढ्यान् पिढ्या अस्पृश्य म्हटले, त्याच हातावर देशातील सर्वांत शुद्ध खोलीची शुद्धता अवलंबून आहे. परंतु व्यवस्था अशी चिवट की, खोली बदलली तरी त्या हाताचे स्थान बदलले नाही. पूर्वी तो गावकुसाबाहेर होता. आता तो हजेरीपटाबाहेर आहे.

येथे मूळ मुद्द्याकडे वळतो. निर्जंतुक कक्षातील जंतूंचा सर्वांत मोठा उगम म्हणजे माणूस. स्वस्थ बसलेला माणूसही मिनिटाला लाखाच्या घरात सूक्ष्म कण अंगावरून सोडतो. म्हणून डोक्यापासून पायापर्यंत झाकायचे, घड्याळ नाही, अंगठी नाही, पावडर नाही, बांगड्या-मंगळसूत्र नाही. आणि नियम असाही की, ज्याला सर्दी, खोकला, जुलाब, त्वचेवर फोड किंवा उघडी जखम असेल, त्याने तसे सांगायचे आणि आत जायचे नाही. नियम उत्तम आहे. मी त्या मुलाला विचारले, "तू कधी खोकला झाल्याचे सांगितलेस?" तो हसला. "सांगितलं तर घरी जा म्हनतेत, गुरुजी. मग त्या दिवसाचे पैसे कोन देनार? एकानं दोनदा सांगितलं, तिसऱ्यांदा त्याला बोलावलंच न्हाई."

साऱ्या वादाचे मर्म या उत्तरात आहे. कोट्यवधी रुपयांच्या गाळण्या, परदेशी कणमापक, भिंतभर फायली, आणि या साऱ्याला बगल देऊन खोकला आत जातो. कारण खोकणाऱ्याला एक दिवसाची पगारी रजा नाही. येथे नीतीचे पाठ देऊन काही होणार नाही. ज्याची चूल रोजच्या हजेरीवर पेटते, त्याने आपल्या आजाराची खबर स्वतःहून द्यावी अशी अपेक्षा करणे हा एकतर दांभिकपणा आहे किंवा मूर्खपणा. आजारपणाची पगारी रजा ही येथे कामगाराला दिलेली सवलत नव्हे. ती गाळणीइतकीच निर्जंतुकीकरणाची सामग्री आहे.

तीच गोष्ट चुकीची. गाळणीचा तो कागदी थर इतका नाजूक असतो की, फडक्याच्या दांड्याचे टोक लागले तरी त्याला भोक पडावे. समजा, गाळण्यांची तपासणी आटोपली, शेरा पडला, आणि शेवटच्या रात्री छत पुसताना दांडा लागला. हे एकालाच ठाऊक आहे. त्याने सांगितले तर गाळणी पुन्हा तपासावी लागेल, कारखाना दोन दिवस उशिरा सुरू होईल, साहेबांना वरून बोलणी बसतील आणि त्याचे काम जाईल. न सांगितले तर कदाचित काहीच होणार नाही. कायम नोकरीतला, संघटना पाठीशी असलेला कामगार अशा वेळी कुरकुरत का होईना, पण सांगतो. कंत्राटी गड्याने सांगावे असे व्यवस्थेने त्याला काय दिले आहे?

या संदर्भात मुंबईच्या परळमधील एका बाटलीची कथा आठवते. १८९७ साली वाल्देमार हाफकिन यांनी प्लेगची लस तयार केली आणि १८९९ पासून परळच्या जुन्या गव्हर्न्मेंट हाउसमध्ये तिचे उत्पादन होऊ लागले. ३० ऑक्टोबर १९०२ रोजी पंजाबातील मुल्कोवाल या खेड्यात १०७ लोकांना ही लस टोचली गेली. पाच बाटल्या उघडल्या होत्या. त्यांतील ५३-एन क्रमांकाच्या बाटलीतील लस ज्यांना टोचली, ती १९ माणसे धनुर्वाताने मेली. दोष परळला दिला गेला; हाफकिन यांनी निर्जंतुकीकरणाची पद्धत बदलल्याचा ठपका आला आणि त्यांना कामावरून दूर करण्यात आले. पुढे पुरावा तपासता असे दिसले की, बाटली उघडताना मदतनिसाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला होता आणि तो पुरेसा निर्जंतुक न करताच वापरला गेला. रोनाल्ड रॉस आदी शास्त्रज्ञांनी आवाज उठवला आणि १९०७ साली हाफकिन दोषमुक्त झाले. पाच वर्षे गेली. त्यांचे काम मोडले ते मोडलेच.

ही कथा सांगणारे बहुधा हाफकिन यांच्यावरील अन्यायापाशी थांबतात, आणि तो अन्याय होताच. मला मात्र त्या मदतनिसाची आठवण येत राहते. हातून चिमटा पडणे हा गुन्हा नव्हे. तो कोणाच्याही हातून पडतो. "चिमटा पडला आहे, दुसरा घेऊन येईपर्यंत थांबा," असे म्हणण्याची हिंमत आणि रीत त्या तंबूत होती काय, हा खरा प्रश्न. साहेब खोळंबलेला, गावकरी रांगेत उभे, आणि गडी हुकमाचा ताबेदार. सव्वाशे वर्षांनंतर आपल्या कारखान्यांत उत्तर फारसे बदललेले नाही.

'टीमवर्क' या शब्दाला माझा विरोध नाही. समाजवाद्याने सहकार्याची टिंगल करणे म्हणजे आपल्याच घरावर दगड मारणे होय. या कामात जी शिस्त लागते, एकमेकांवर जो विश्वास टाकावा लागतो, तो भांडवलशाहीने निर्माण केलेला नाही. तो कामगारांच्या अंगचा आहे आणि मालक त्याचा उपयोग करून घेतो. माझे म्हणणे एवढेच की, जेथे एकाला 'थांबा' म्हणण्याचा अधिकार आहे आणि दुसऱ्याला नाही, तेथे टीम नसते, टोळी असते. इर्जिकीत शेताचा धनीसुद्धा एखाद्या गड्याला 'उद्यापासून येऊ नकोस' असे म्हणू शकत नसे.

आता कायद्याकडे पाहू, कारण आपल्या कार्यकर्त्यांना यापुढे यावर बोलावे लागणार आहे. सफाईच्या कामाचा आपल्या देशातील कायदेशीर इतिहास मोठा बोधप्रद आहे. १९६० साली सर्वोच्च न्यायालयापुढे मुंबईच्या स्टॅण्डर्ड व्हॅक्यूम तेलशुद्धीकरण कारखान्याचा खटला आला. वाद होता तो तेथील साफसफाईचे काम ठेकेदाराकडे असावे की नाही याचा. न्यायालयाने कामगारांची बाजू उचलून धरली: हे काम कारखान्याच्या कामाशी निगडित आहे, बारमाही आहे आणि पुरेशा माणसांना रोज पुरेल एवढे आहे, मग ठेका कशासाठी? कंत्राटी कामगारांविषयीचा १९७० चा कायदा झाला, तोही याच कसोट्या घेऊन. ९ डिसेंबर १९७६ रोजी केंद्र सरकारने आपल्या अखत्यारीतील आस्थापनांत इमारतींची झाडलोट, सफाई व राखणदारी यांतील कंत्राटी पद्धत अधिसूचना काढून बंद केली. १९९६ साली एअर इंडियाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की, ठेका बंद झाला म्हणजे ते कामगार मूळ मालकाचे झाले. येथवर चढण होती. मग उतार लागला. ३० ऑगस्ट २००१ रोजी पोलाद प्राधिकरणाच्या खटल्यात घटनापीठाने हा निर्णय फिरवला आणि १९७६ ची अधिसूचनाही रद्द ठरवली.

आणि आता चार श्रमसंहिता. २०१९ व २०२० साली संसदेत संमत झालेल्या आणि २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आणलेल्या या संहितांपैकी व्यावसायिक सुरक्षेच्या संहितेने १९७० चा कायदा पोटात घेतला. ती म्हणते, आस्थापनेच्या 'गाभ्याच्या' कामात कंत्राटी कामगार लावता येणार नाही. वाचायला बरे वाटते. पण गाभा म्हणजे काय, हे सांगताना लगेच एक यादी दिली आहे. यादीतील कामांसाठीच आस्थापना उभारलेली नसेल, तर ती कामे गाभ्यात धरायची नाहीत. त्या यादीतील पहिलेच काम कोणते? स्वच्छता: झाडणे, साफ करणे, धूळ पुसणे, कचरा उचलणे. वर आणखी पळवाट अशी की, कामाचा बोजा अचानक वाढला आणि ते ठराविक मुदतीत उरकायचे असेल, तर गाभ्यातही ठेका चालेल. वार्षिक फेरपडताळणीला हे पायघड्या घालून दिलेले निमंत्रणच नव्हे काय?

एका बाजूला हा कायदा. दुसऱ्या बाजूला त्याच केंद्र सरकारने २८ डिसेंबर २०२३ रोजी औषध नियमांतील 'परिशिष्ट एम' सुधारून काढले. त्यात स्वच्छता, प्रशिक्षण, पडताळणी यांवर पानेच्या पाने आहेत. लहान-मध्यम कारखान्यांना त्यासाठी दिलेली वाढीव मुदतही ३१ डिसेंबर २०२५ रोजी संपली. आरोग्य मंत्रालय म्हणते, निर्जंतुक औषधाच्या कारखान्यात सफाई हाच पाया आहे. श्रम मंत्रालय म्हणते, सफाई गाभ्यात येत नाही. दोन्ही कागद एकाच दिल्लीतून निघतात. जेथे निर्जंतुकपणा हाच माल आहे, कुपीतील पाण्याइतके औषधही बाकी स्वस्त आहे, तेथे धूळ पुसणे गाभ्याबाहेरचे काम कसे ठरते, हे एखाद्या विद्वान सचिवाने आम्हाला समजावून सांगावे.

मालकवर्गाचे उत्तर मला ठाऊक आहे. पडताळणी वर्षातून दहा दिवस, त्यासाठी माणसे बारा महिने पोसायची काय? या युक्तिवादात थोडे तथ्य आहे, तेवढे मान्य करू. गाळण्या तपासणारा तज्ज्ञ आपले यंत्र घेऊन बाहेरून यावा, त्याला कोणाची हरकत नाही. परंतु पुसण्याचे काम दहा दिवसांचे नाही. ते तीन पाळ्यांत, वर्षभर चालते. पडताळणीच्या दिवसांत ते फक्त वाढते. आणि औषध स्वस्त राहावे म्हणून हे करावे लागते, असे जे म्हणतात, त्यांनी १९८६ साल आठवावे. मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात औषधी ग्लिसरीन म्हणून जे दिले गेले त्यात औद्योगिक वापराचे विषारी द्रव्य होते आणि १४ रोगी दगावले. न्यायमूर्ती लेंटिन यांनी १९८८ च्या अहवालात खरेदीपासून तपासणीपर्यंतच्या साऱ्या साखळीवर बोट ठेवले. २०२५ मध्ये मध्य प्रदेशातील छिंदवाड्याची बालके खोकल्याच्या विषारी औषधाने गेली. त्यांतील काहींनी नागपूरच्या रुग्णालयांत प्राण सोडले. ही उदाहरणे जंतूंची नव्हेत, विषाची आहेत; पण स्वस्ताई कोठून काढली जाते ते त्यांत दिसते. ती नफ्यातून काढली जात नाही.

आपल्या बाजूचेही दोष बोलले पाहिजेत. औषध उद्योगात मुंबई, ठाणे, पिंपरी या पट्ट्यात एकेकाळी बळकट संघटना होत्या. १९५४ साली जागतिक आरोग्य संघटना व युनिसेफ यांच्या साहाय्याने पिंपरीत उभा राहिलेला हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा सार्वजनिक कारखाना हा त्या काळाचा अभिमान होता. पुढे सरकारने त्याला पगार थकण्याच्या अवस्थेपर्यंत आणून सोडले आणि २०१६ साली त्याच्या जमिनी विकण्याचा व कारखाना खाजगी हाती देण्याचा निर्णय घेतला, हा वेगळा विषय आहे. परंतु संघटना जोरात होत्या तेव्हाही अनेक ठिकाणी कायम कामगारांनी आपल्या दाराला आतून कडी लावून घेतली. कराराच्या वाटाघाटीत बोनस आणि महागाईभत्ता आला. फडकेवाला आला नाही. 'ते ठेकेदाराचे' हे वाक्य मालकाच्या आधी आपल्याच माणसांच्या तोंडी ऐकल्याचे मला आठवते. बाबा आढावांनी हमालांना आणि आमच्या इतर साथींनी माथाडींना उभे केले, १९६९ चा माथाडी कायदा महाराष्ट्राने करून दाखवला, तो ज्यांना कोणी मालकच नाही असे सर्वजण म्हणत होते, त्यांच्यासाठी. मुंबईच्या कचरा वाहतूक श्रमिक संघाने महापालिकेच्या २,७०० कंत्राटी सफाई कामगारांसाठी वर्षानुवर्षे लढा दिला आणि २०१७ साली सर्वोच्च न्यायालयात तो जिंकला. २००१ च्या निकालानंतर जिंकला, हे विशेष.

तो कसा जिंकता येतो, हे औषध कारखान्यांतील साथींनी नीट समजून घ्यावे. २००१ च्या निकालाने एक दार उघडे ठेवले आहे: ठेका हा केवळ देखावा असून कामावर प्रत्यक्ष हुकमत मूळ मालकाचीच आहे असे सिद्ध झाले, तर ते कामगार मालकाचेच ठरतात. इतर उद्योगांत हे सिद्ध करणे फार अवघड जाते, कारण कागद नसतो. ठेकेदार बदलतात, हजेऱ्या गहाळ होतात. औषध कारखान्यात मात्र कागद आहे, आणि तो खुद्द मालकाने परिशिष्ट एमच्या धाकाने, विदेशी तपासनिसांच्या धाकाने जपून ठेवला आहे. निर्जंतुक कक्षात जाणाऱ्या प्रत्येकाला प्रशिक्षण कोणी दिले, कोणत्या तारखेला दिले, अंगरखा चढवण्याच्या परीक्षेत तो कधी उत्तीर्ण झाला, त्याच्या हातमोज्याच्या ठशावर किती जंतू उगवले, कोणत्या रात्री कोणती खोली कोणत्या जंतुनाशकाने कोणी पुसली आणि त्याखाली कंपनीच्या कोणत्या अधिकाऱ्याने सही केली, याची नोंद असते. ठेकेदार तीनदा बदलला तरी त्या वह्यांत नाव आणि सही एकाच गड्याची असते. काम बारमाही आहे, शिकवणारा मालक आहे, देखरेख मालकाची आहे, हे सारे त्यात मालकाच्याच हस्ताक्षरात आहे.

तेव्हा औद्योगिक न्यायाधिकरणापुढे अर्ज करताना या वह्या मागवाव्यात: प्रशिक्षणाच्या नोंदी, अंगरख्याच्या परीक्षांचे निकाल, सफाईच्या नोंदवह्या आणि मागील प्रत्येक वर्षाच्या पडताळणीचे अहवाल. कामगारांनी त्यांची छायाचित्रे चोरून काढू नयेत, त्यात शिस्तभंगाची कारवाई ओढवेल. न्यायाधिकरणाकडून त्या हजर करण्याचा हुकूम घ्यावा. आणि मागण्यांच्या यादीत पहिली मागणी कक्षात जाणाऱ्या प्रत्येकाला, मग तो कोणाच्याही हजेरीपटावर असो, आजाराची पगारी रजा ही असावी. या मागणीला मालकाच्या गुणवत्ता विभागातूनसुद्धा उघड विरोध करता येणार नाही.

तो मुलगा होळीनंतर परत गेला. आपले नाव पहिल्यांदा कोणत्या साली त्या वहीत आले, ते आठवून ठेव, एवढे मी त्याला सांगितले आहे. तो म्हणाला, २०२१. त्यानंतर ठेकेदार दोनदा बदलला.